१२.६ व्होल्ट, तरीही नुसतं ‘टक्’

एप्रिल अर्धा सरला की अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं गवत एकदम जोर धरतं. अनेक गावांत गवताच्या उंचीलाही नियम असतो आणि तो ओलांडला की नोटीस येते. मग अर्धा-पाऊण एकराचं अंगण असलेली माणसं, आणि त्यांत इलिनॉय-ओहायोतली आपली मराठी कुटुंबंही आली, नोव्हेंबरपासून गॅरेजमध्ये उभा असलेला राइडिंग मोवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, बाहेर काढायला जातात. सीटवर बसतात, ब्रेकचं पेडल दाबतात, किल्ली फिरवतात. सेल्फ फिरण्याऐवजी ‘टक्’ असा एकच आवाज येतो.

त्यानंतर बहुधा नवी बॅटरी आणली जाते. कधी ती लागू पडते, कधी दोन आठवड्यांत तीही उतरते, आणि कधी नव्याकोऱ्या बॅटरीवरही तोच ‘टक्’ ऐकू येतो. हा खर्च आणि मनस्ताप टाळता येतो. त्यासाठी व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारा एक साधा मल्टिमीटर लागतो आणि एक सवय लावून घ्यावी लागते: यंत्र स्वस्थ असताना घेतलेल्या रीडिंगवर निकाल द्यायचा नाही, प्रवाह वाहत असताना मोजायचं.

आधी बॅटरीचं बघू. मोवरमध्ये असते ती शिसे-आम्ल बॅटरी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९मध्ये तयार केलेल्या बॅटरीचीच ही वारसदार. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल. असं एक घर (सेल) सुमारे २.१ व्होल्ट देतं आणि सहा घरं जोडली की १२.६. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो, आम्ल पातळ होत जातं आणि व्होल्टेज उतरतं. चार्जिंग थांबवून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली समजावी. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आकड्यांतला फरक किती थोडा आहे बघा! ‘बारा तर दाखवतंय की’ असं म्हणून पुष्कळ लोक इथेच फसतात.

रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की खरं नुकसान सुरू होतं. पट्टीवरचे लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे, कडक स्फटिक बनतात. बारीक कण चार्जिंगने पुन्हा विरघळतात, पण या स्फटिकांवर चार्जरचं फारसं काही चालत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यात थंडीची भर. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत मात्र पाणीच जास्त उरतं आणि ते उणे ८ अंशांच्या आसपासच गोठू लागतं. ३० जानेवारी २०१९ला शिकागोत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री उघड्या शेडमधली उतरलेली बॅटरी फुगते, तिचा डबा तडकतो. गोठलेली बॅटरी चार्जरला कधीही लावू नये.

बॅटरी आपोआपही थोडी उतरत असते. आतल्या रासायनिक क्रियेमुळे महिन्याला साधारण ५ टक्के चार्ज जातो, उष्ण हवेत त्याहून जास्त. हा वेग पाहता सगळा हिवाळा काढूनही बॅटरीत पुष्कळ जीव उरायला हवा. ती महिन्याभरातच झोपत असेल, तर किल्ली बंद असतानाही कुठून तरी प्रवाह गळतो आहे. हिशोब सोपा आहे. मोवरची बॅटरी साधारण ३० अँपिअर-तासांची असते, म्हणजे एक अँपिअर प्रवाह ती ३० तास देऊ शकते. ५० मिलिअँपिअर, म्हणजे एक छोटा बल्बही धड पेटणार नाही इतका प्रवाह, दिवसाला १.२ अँपिअर-तास खातो. २५ दिवसांत बॅटरी साफ.

ही गळती शोधण्यात मला एखाद्या तपासकामाचा आनंद मिळतो. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरची केबल काढायची आणि टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडायचा. किल्ली बंद हवी, आणि मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. मोवरमध्ये घड्याळ नाही, रेडिओ नाही. काटा जवळपास शून्यावरच हवा. तसा नसेल तर एकेक जोडणी सोडवत जायची आणि कोणती सोडल्यावर आकडा पडतो ते पाहायचं. सर्वांत आधी संशय घ्यावा रेक्टिफायर-रेग्युलेटरवर. इंजिनवर बसवलेली ही पंखेदार धातूची लहानशी डबी आतल्या डायोडमधून प्रवाहाला फक्त बॅटरीच्या दिशेने जाऊ देते. डायोड खराब झाला की रात्रभर प्रवाह उलटा वाहतो. त्याखालोखाल झिजलेला किल्लीचा स्विच, आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. हिवाळ्यात उंदरांना इंजिनाच्या पंख्याखालची ऊब आणि आडोसा फार आवडतो.

गळती सापडली नाही तर प्रश्न उरतो, बॅटरी मुळात भरते तरी आहे का? इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आतल्या बाजूने चुंबकं चिकटवलेली असतात आणि त्यांच्याखाली तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल असते. चुंबकं फिरली की कॉइलमध्ये उलटसुलट प्रवाह तयार होतो आणि रेक्टिफायर त्याला एकाच दिशेचा करून बॅटरीकडे पाठवतो. इंजिन पूर्ण वेगात, मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांवर असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. इंजिन चालू असूनही आकडा १२.५वरच अडकला असेल तर कॉइल, रेग्युलेटर किंवा त्याचं अर्थिंग यांच्यात दोष आहे. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाती जोडणारा विद्युत क्लच एकटाच साधारण ४ अँपिअर खातो. आवाज कमी व्हावा म्हणून इंजिन हळू ठेवून गवत कापणाऱ्यांच्या मोवरमध्ये, त्यातून हेडलाइटही चालू असतील तर, जमेपेक्षा खर्च जास्त होतो. एकही भाग बिघडलेला नसताना बॅटरी दर आठवड्याला थोडी थोडी उतरत जाते.

आता त्या ‘टक्’कडे येऊ.

तो आवाज सोलेनॉइडचा. किल्लीतून येणारा थोडासा प्रवाह सोलेनॉइडमध्ये विद्युतचुंबक तयार करतो, तो तांब्याचा एक जाड तुकडा खेचतो आणि स्टार्टरचा, म्हणजे सेल्फच्या मोटरचा, मोठा रस्ता जोडला जातो. किल्लीचं काम अँपिअर-दोन अँपिअरमध्ये भागतं, पण स्टार्टरला सुरुवातीच्या क्षणी १०० अँपिअरपर्यंतही प्रवाह लागू शकतो. समजा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा चढला आहे आणि त्या जोडाचा रोध फक्त ०.०३ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १०० अँपिअरला त्या एका जोडातच ३ व्होल्ट खर्च होतील. असे दोन जोड खराब असतील तर अर्धी बॅटरी वाटेतच संपली. हा दोष स्वस्थ यंत्रात दिसतच नाही. डिजिटल मीटर स्वतः ओढतो तो प्रवाह अँपिअरच्या दहालाखाव्या भागाइतका. तेवढ्याला गंजलेला जोडही भरपूर रुंद असतो, म्हणून मीटर खुशाल १२.६ दाखवतो. मीटर ओहमवर ठेवून जोड तपासायचा प्रयत्नही फुकट जातो, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याहून कितीतरी जास्त असतो. टाकी काठोकाठ भरलेली असते, पण गंजलेल्या नळातून थेंब-थेंब गळण्यापुरतीच वाट असते.

म्हणून सोबतीला कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि त्याच क्षणी मोजा. पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये. ‘टक्’ होताना व्होल्टेज ६-७वर कोसळलं तर बॅटरी गेलेली आहे किंवा स्टार्टर जाम आहे. व्होल्टेज १२.४वरून हटलंच नाही, तर बॅटरी निर्दोष आहे! मोठा प्रवाह वाहिलाच नाही, कारण रस्ता कुठेतरी तुटलेला आहे. मग एकेक जोड घ्या: बॅटरीची खुंटी आणि तिच्यावरचा क्लॅम्प, सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट, ऋण खुंटी आणि इंजिनचा नागडा धातू. सेल्फ मारताना यांतल्या कुठल्याही जोडीत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर चोर सापडला. पुष्कळदा तो चॅसिसला बांधलेल्या ऋण केबलच्या बोल्टखाली, रंग आणि ओल्या गवताच्या थरात दडलेला असतो. वायर ब्रशने घासून बोल्ट आवळला की काम झालं.

कधी इंजिन अर्धा फेरा फिरतं, अडतं, आणि सगळे बॅटरीला दोष देतात. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात दाब इतका असतो की स्टार्टरला तो एकट्याने पेलत नाही. म्हणून सुरू होताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून दाब सोडण्याची सोय कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यावर, केलेली असते. व्हॉल्व्हमधली फट वाढली की ती सोय निकामी होते. तिथे नवी बॅटरी काही करू शकत नाही, व्हॉल्व्हची फट पुन्हा बसवावी लागते.

इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, हा वेगळाच विषय. बहुतेक मोवरमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी बॅटरीतून येत नाही. फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेवरचं चुंबक इग्निशन कॉइलजवळून सरकतं, फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे कॉइलमध्ये प्रवाह उठतो, तो ऐन वेळी तोडला जातो आणि दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत १०,००० व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो. हाच मॅग्नेटो. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर बॅटरीशिवाय किकवर सुरू व्हायच्या त्या याच्याच बळावर. बॅटरीचा संबंध येतो तो फिरण्याच्या वेगापुरता: इंजिन मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांनी तरी फिरलं नाही तर चुंबक पुरेशा वेगाने सरकत नाही आणि ठिणगी पडत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या काही इंजिनांत ठिणगीही बॅटरीवर चालते, त्यांना हा नियम लागू नाही.

मॅग्नेटोचं इंजिन बंद कसं होतं, ते कळलं की इग्निशनची, म्हणजे ठिणगीची, निम्मी कोडी सुटतात. कॉइलमधून एक बारीक वायर निघते. ती चॅसिसला टेकली की ठिणगी थांबते. किल्ली ‘बंद’वर आणली की आत हेच घडतं. सीटखालचा स्विच, ब्रेकचा स्विच आणि पात्यांचा स्विच हे सगळे याच वायरच्या वाटेवर बसलेले. त्यांतला एक बिघडला किंवा वायरचं आवरण कुठे घासून उडालं, तर यंत्राला वाटतं बंदचा हुकूम आला. तपासण्यासाठी ही वायर कॉइलपासून सोडवून ठिणगी पाहायची. ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, दोष स्विचांत आहे. ही वायर सुटलेली असताना इंजिन किल्लीने बंद होणार नाही हे ध्यानात ठेवा, आणि या वायरला चुकूनही १२ व्होल्ट लावू नका. कॉइल जळते.

सीटचा स्विच खराब निघाला की तो कायमचा बायपास करायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तो ऐकू नका. चालवणारा उतारावर घसरून पडला तर पाती थांबवणारी वस्तू तीच. नवा स्विच फार महाग नसतो.

ठिणगी आहे, सेल्फ आहे, तरी इंजिन पेटत नाही? कार्ब्युरेटरच्या तळाशी एक लहान सोलेनॉइड असतो. किल्ली चालू केल्यावर तो बॅटरीवर उघडतो तेव्हाच पेट्रोल आत येतं. कान लावा, बारीक ‘टिक्’ ऐकू यायला हवी. मरगळलेली बॅटरी सेल्फ मारताना इतकी दबते की सेल्फ कसाबसा फिरतो, पण हा सोलेनॉइड उघडत नाही. मग लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात. प्लग बदलायला हरकत नाही, त्याची फट बहुतेक इंजिनांत ०.७६ मिलिमीटर ठेवतात, पण आधी सेल्फ मारतानाचं व्होल्टेज बघा. ९च्या खाली जात असेल तर प्लगकडे नंतर वळा.

पुढच्या हिवाळ्याची तयारी शेवटच्या कापणीच्या दिवशीच करावी. बॅटरी काढताना ऋण केबल आधी सोडवा. धन आधी सोडवताना पाना चॅसिसला लागला तर शॉर्ट होतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, त्यामुळे ठिणगी आणि बंद खोली दोन्ही टाळा. बॅटरी पूर्ण भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते हा समज जुन्या काळच्या डब्यांचा आहे. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला जमिनीने काही होत नाही, उलट गारव्यात ती हळू उतरते. स्वतःहून थांबणारा छोटा मेंटेनर चार्जर लावून ठेवला तर उत्तम. नसेल तर महिन्या-दीड महिन्याने मीटर लावा, आणि १२.४ दिसलं की त्याच दिवशी चार्ज करा.