हवा किती हवी?

गाडीचं वजन टायरचं रबर पेलतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते पेलते आत कोंडलेली हवा. १६०० किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ४०० किलो भार येतो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा रेटा. भागाकार करा: रस्त्याला टेकलेला टायरचा तुकडा जेमतेम १८० चौरस सेंटिमीटर, हाताच्या पंजाएवढा! अशा चार पंजांच्या भरवशावर गाडी वळते आणि थांबते. हा हिशेब दर वेळी मला थक्क करतो.

मऊ वाळूत हाच भागाकार कामी येतो. हवा १६ पीएसआयवर आणली की तो तुकडा कागदावर दुप्पट होतो. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण टायरच्या बाजूही काही भार उचलतात. डोळ्यांना टायर आडवा फुगलेला दिसतो, पण वाढ मुख्यतः लांबीत होते. चाक रुतण्याऐवजी वाळूवर पसरून चालतं. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९३०च्या आसपास साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरला, तो याच युक्तीच्या बळावर.

मग डांबरी रस्त्यावरही हवा कमीच का ठेवू नये? ताशी ८० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत टायरची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, उरलेली उष्णता होते. हवा कमी तितकं दबणं जास्त; टायर आतून तापत जातो आणि शेवटी फुटू शकतो. वाळूत वेग कमी असतो म्हणून हे निभतं. तिथेही झटक्यात वळू नका, टायर रिमवरून निसटतो. दगडधोंड्यांच्या वाटेवर हवा थोडीच उतरवावी. टायर दगडाला लपेटून घेतो, पण फार मऊ झाला तर दगड थेट रिमवर आदळतो.

डांबरी रस्त्यासाठीचा आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. आणि दारावरचा आकडा थंड टायरसाठी आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआय चढतो. लांबच्या प्रवासानंतर गेज ३६ दाखवतं, आपण ‘जास्तीची’ हवा सोडून ३२वर आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८वर उभा असतो.