स्टीम मॉप घेताय? आधी ५४० हा आकडा समजून घ्या

"गरम पाण्याने पुसलं काय आणि वाफेने पुसलं काय, एकच की!" नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत स्टीम मॉपचा, म्हणजे पाण्याची वाफ करून ती कापडातून फरशीवर सोडणाऱ्या विजेच्या पुसण्याचा, विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुसरीकडे जाहिरातीवर पूर्ण भरवसा टाकणारेही असतात. वाफ फिरवली की ९९.९ टक्के जंतू खलास, मग फिनेल नको की काही नको. दोन्ही मतं चुकीची आहेत आणि ती का चुकीची, हे एकाच गोष्टीतून कळतं. पदार्थविज्ञानातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

पातेल्यात थोडं पाणी घेऊन गॅसवर ठेवा आणि घड्याळ लावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नव्हे तर साधारण ९८ अंशांना उकळतं. समजा, २५ अंशांचं पाणी उकळायला पाच मिनिटं लागली. आता आच तशीच ठेवून सगळं पाणी आटेपर्यंत थांबा. पस्तीस मिनिटांहून जास्त वेळ लागेल. या सगळ्या वेळात आच चालू आहे, पण तापमापीचा पारा ९८ च्या पुढे सरकत नाही. मग ही उष्णता गेली कुठे?

१७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न धरून ठेवला. उत्तर असं की, ती उष्णता पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात खर्ची पडते. द्रवात रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि वाफेत ते सुटे होतात. एक ग्रॅम पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७३ कॅलरी लागतात. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. शाळेत आपण याला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणत होतो.

हे ५४० कुठे नाहीसे होत नाहीत. वाफ गार पृष्ठभागाला टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या क्षणी सगळ्या कॅलरी ती तिथेच सोडून देते. मोदकपात्रातल्या मोदकांना उकळतं पाणी शिवतही नाही, तरी काही मिनिटांत उकड शिजते, ती या उष्म्यावर. यात आणखी एक मजा आहे. जो भाग जास्त गार, तिथे वाफ जास्त जमते, म्हणजे उष्णताही तिथेच जास्त पोहोचते. कोणी सांगायला लागत नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट बसतो, त्याचंही कारण हेच.

जाता जाता एक सांगतो. तोटीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे वाफ नव्हे. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. किटलीच्या तोटीजवळ नीट पाहा, लोट सुरू होण्याआधी बोटभर जागा रिकामी दिसते. वाफ तिथे असते. पांढरं दिसतं ते गार होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे ५४० मधला मोठा वाटा आधीच हवेत गेलेला. म्हणून दुकानात डेमो दाखवताना मॉप उचलून धरतात आणि ढग सोडतात, त्यावरून यंत्राची ताकद ठरवू नका. वाफ कापडातून थेट फरशीला भिडली पाहिजे.

आता हिशोब मांडू. बाजारातले बरेचसे मॉप १२०० ते १५०० वॅटचे असतात. १५०० वॅटमध्ये पाणी तापवून त्याची वाफ करायची, तर सेकंदाला अर्धा ग्रॅम वाफ धरू. दोन बाय दोन फुटांच्या एका व्हिट्रिफाइड टाइलवरून मॉप चार सेकंदांत फिरवला, तर दोन ग्रॅम वाफ, म्हणजे १०८० कॅलरी मिळाल्या. त्या टाइलचा वरचा फक्त एक मिलिमीटर थर धरला तरी त्याचं वजन ८५० ग्रॅमच्या वर जातं, आणि तो एक अंशाने तापवायला सुमारे १७० कॅलरी लागतात. भागाकार केला की तापमानवाढ येते सहा अंश! अगदी वरच्या पातळ थराला थोडी जास्त मिळेल, पण क्षणभरच. जंतूंना काही होणार नाही.

हाच मॉप एका जागी चार सेकंद थांबवला तर चित्र पालटतं. मॉपचं डोकं साधारण एक फूट बाय अर्धा फूट असतं. सगळी उष्णता तेवढ्याच जागेला मिळते आणि पृष्ठभाग तीसेक अंशांनी तापतो. दहा सेकंद थांबवला तर पन्नासच्या आसपास वाढ होते. वेळ अडीचपट होऊनही तापमान अडीचपट होत नाही, कारण तोवर उष्णता टाइलच्या पोटात उतरायला लागते आणि तापवायचा थर जाड होत जातो. हा सगळा हिशोब सगळी उष्णता फरशीलाच मिळाली असं धरून आहे. प्रत्यक्षात कापड आणि आजूबाजूची हवाही वाटा घेतात.

जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींच्या मेळाने. दूध पाश्चराइझ करताना ६३ अंशांना ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवतात. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्रामध्ये दाबाखाली १२१ अंशांवर साधारण १५ मिनिटं लागतात. त्यापुढे भराभर फिरवलेला मॉप काय करणार? ९९.९ टक्क्यांचा दावा बहुधा एका जागी वाफ धरून केलेल्या चाचणीवर असतो. ६०० चौरस फुटांची फरशी प्रत्येक जागी दहा सेकंद थांबून पुसायची, तर १२०० वेळा थांबावं लागेल. म्हणजे तीन तास वीस मिनिटं, सहा लिटर पाणी आणि पाच युनिट वीज. रोजच्या पुसण्यात हे कोणी करणार नाही, करायची गरजही नाही. निरोगी माणसांच्या घरातली फरशी निर्जंतुक असावी लागत नाही, स्वच्छ असली की पुरतं.

मग स्टीम मॉप कशासाठी? तेलकटपणासाठी. गॅसच्या ओट्यापुढच्या फरशीवर फोडणीचे बारीक थेंब बसतात, त्यावर धूळ बसते आणि चिकट राप तयार होतो. तेल तापलं की पातळ होतं. पाण्याचा पृष्ठताणही तापमानाबरोबर घटतो, त्यामुळे ते राप आणि टाइल यांच्यामध्ये सहज शिरतं. बाकीचं काम मायक्रोफायबरचे धागे करतात. टाइलच्या सांध्यांवर वाफ धरून ब्रश मारला की जो काळा मळ निघतो, तो बादली-फडक्याने निघत नाही. हळदीचा डाग मात्र वाफेने जात नाही, तो उन्हाने फिका पडतो. आणि आधी झाडून घ्यायलाच हवं, नाहीतर पावसाळ्यात चपलांबरोबर आलेल्या काळ्या मातीचा वाफेने चिखल होतो.

पुसायच्या पाण्यात खडेमीठ टाकलं की घरातली 'नकारात्मक ऊर्जा' जाते, असं वास्तुवाले सांगतात आणि आता ते मीठ मॉपच्या टाकीत घालायचे सल्लेही ऐकू येतात. कृपा करून घालू नका. ऊर्जा मोजता येते, वर आपण कॅलरीत मोजलीच, आणि तिच्यात असा शुभ-अशुभ प्रकार नसतो. मिठाची वाफ होत नाही. ते तापकात साचतं आणि धातू गंजवतं. फिनेल, कापूर, ब्लीचही टाकीत नको, त्यांची वाफ थेट आपल्या नाकात जाते.

मीठ न घालताही क्षार जातातच, पाण्यातून. बोअरचं पाणी जड असेल, समजा लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार, तर ४०० मिलिलिटरची टाकी शंभर वेळा भरली की १६ ग्रॅम क्षार आत राहतील. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. तो उष्णता अडवतो, वाफेची बारीक भोकं बुजवतो आणि यंत्र बिघडतं. गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगलं. कंपनीच्या पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल, तर अधूनमधून सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने थर काढता येतो.

आता फरशी. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, तिला वाफ खुशाल चालते. मोझॅक, कोटा आणि संगमरवर यांच्यावर पॉलिश असेल, तर वाफ कमीत कमी ठेवा आणि आधी कपाटामागच्या कोपऱ्यात करून पाहा, पॉलिश मंद पडू शकतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये बिनपॉलिशची शहाबादी असते, ती सच्छिद्र आहे. वाफेचं पाणी तिच्यात मुरतं, तिथे साधं ओलं फडकंच बरं. लाकडी लॅमिनेटवर वाफ अजिबात नको. आतला दाबलेला भुसा सांध्यातून ओल खातो, फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

म्हणून घेताना वॅट पाहाच, पण वाफ कमी-जास्त करायचं बटण आहे का, जादा पॅड मिळतात का आणि ते धुता येतात का, हेही विचारा. पॅड धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याचा थर धाग्यांवर बसला की ते मळ धरत नाहीत. वायर निदान पाच मीटर असावी. १५०० वॅटचा मॉप २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, आणि हॉलमधले बहुतेक सॉकेट सहा अँपिअरचे असतात. ॲडॉप्टर लावून तिथे चालवू नका, तो तापून वितळतो. आपल्या घरात १६ अँपिअरचे पॉइंट कुठे आहेत आणि तिथून वायर कुठवर पोहोचते, हे दुकानात जाण्याआधी टेप लावून मोजून ठेवा.