भोपळा-ओट्सचे घावन

तांबड्या भोपळ्याचा उकडलेला गर, ओट्सचे पीठ, थोडे तांदळाचे पीठ आणि गूळ एकत्र कालवून तव्यावर भाजलेला जाडसर गोड पदार्थ. तो न्याहारीला किंवा दुपारच्या चहाबरोबर खातात. त्यातील गर आणि गूळ घारग्यांकडून आले आहेत, तवा घावनाकडून. कोकणातील मूळ घावन तांदळाच्या पाण्यासारख्या पातळ पिठाचे, जाळीदार आणि पांढरे असते. ज्येष्ठा गौरीच्या नैवेद्याला घाटल्याबरोबर वाढतात ते तेच. प्रस्तुत पदार्थाची जाडी पाहता तो धिरडे किंवा खापरोळी यांच्या अधिक जवळचा आहे. घरोघरी मात्र त्याला सैलपणे घावनच म्हणतात.

भोपळ्याचे मूळ : तांबडा भोपळा भारतात फार पुरातन असल्याचा समज सर्वत्र आढळतो. त्याला आधार म्हणून आयुर्वेदाच्या संहितांमधील कूष्मांडाचा दाखला दिला जातो, परंतु ते कूष्मांड म्हणजे कोहळा (बेनिनकासा हिस्पिडा) असे बहुतेक अभ्यासक मानतात. तंबोऱ्याचा भोपळाही तांबडा नव्हे. तो दुधीच्या कुळातील (लॅजिनेरिया सिसेरारिया) कडू भोपळा असून त्याचे मूळ आफ्रिकेत आहे व आशियात तो फार जुना आहे. आज भाजी-घारग्यांसाठी वापरतात तो भोपळा कुकर्बिटा या प्रजातीतला आहे. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या प्रजातीतील काही जातींचे मूळ जुन्या जगात शोधले होते. पुढे पुरातत्त्वीय पुरावा अमेरिकेच्या बाजूने गेला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या गिला नाकित्स गुहेत मिळालेल्या, लागवडीखालील कुकर्बिटा पेपोच्या बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. भारतात अधिक प्रमाणात लावली जाणारी कुकर्बिटा मोशाटा ही जात मध्य अमेरिकेत माणसाळली की दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, याविषयी एकमत नाही. एकूण प्रजाती अमेरिकेची, हे मत आता सर्वमान्य म्हणता येईल.

कोकणात हे फळ बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले असावे. 1510 मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेल्यानंतर काजू, अननस, मिरची ही अमेरिकेतील पिके या किनाऱ्यावर पसरली आणि भोपळ्याची वाटही त्याहून निराळी असण्याचे कारण दिसत नाही. नेमके साल मात्र सांगता येत नाही. तो खुष्कीच्या मार्गाने उत्तरेकडून आल्याची शक्यता अगदीच नाकारता येत नसली, तरी किनाऱ्यापुरते पाहता सागरी मार्गच अधिक संभवतो.

जाती ओळखण्याची सोपी खूण देठात असते. मोशाटाचा देठ कठीण, पाचकोनी आणि फळाला चिकटतो तेथे पसरट असतो. कुकर्बिटा मॅक्सिमा या तिसऱ्या जातीचा देठ गोल, मऊ व बुचासारखा असतो. पेपोचा देठ धारदार कोनांचा असला तरी टोकाला फारसा पसरत नाही. घावनासाठी मोशाटा उत्तम. तिचा गर घट्ट, कमी दोरकट व गर्द नारिंगी असतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का चंदन’ हा वाण याच जातीचा.

निवड व साठवण : पावसाच्या तोंडावर लावलेला वेल मांडवावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवतात आणि फळे साधारण आश्विन-कार्तिकात तयार होतात. भात कापल्यावर पाण्याची सोय असेल तेथे दुसरे पीक घेतात. सालीत नख रुतत नाही आणि देठ वाळून खरखरीत झाला आहे, असे फळ पिकलेले समजावे. देठ तोडून काढला तर त्या जागेतून कूज आत शिरते, म्हणून देठाचा काही भाग राखूनच फळ कापतात. साठवणीत पहिल्या काही आठवड्यांत गरातील स्टार्चची साखर होत जाते, त्यामुळे महिनाभर माळ्यावर राहिलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. कोकणच्या दमट हवेत फळाचा जमिनीला टेकलेला तळ आधी बिघडतो. पेंढ्यावर ठेवणे आणि आठवड्याने फिरवणे हा त्यावरचा उपाय. चिरलेला भोपळा बिया व त्यांभोवतीचा दोरकट भाग काढून शीतकपाटात चार-पाच दिवस टिकतो. तो भाग तसाच ठेवला तर बुरशी तेथूनच सुरू होते.

ओट्स : ओट (अव्हेना सटायव्हा, हिंदीत जई) हे थंड हवेचे तृणधान्य. ते कोकणात पिकत नाही. महाराष्ट्रात देशावर रब्बीत जे घेतात ते मुख्यतः चाऱ्यासाठी, ‘केंट’सारख्या वाणांचे. स्वयंपाकघरात ते पाकिटातूनच येते. दाण्यात स्निग्धांश अधिक व तो पालटवणारे विकर (एन्झाइम) जोरदार असल्याने कच्चे ओट दळले की लवकर खवट होतात. म्हणून कारखान्यात दाणे वाफवून मग चपटे करतात. पोह्यांसारखे दिसणारे हे चपटे ओट्स या पदार्थाला योग्य. कणीचे ओट्स वापरायचे तर रात्रभर भिजवून वाटावे लागतात. मसाला ओट्सचे पाकीट येथे निरुपयोगी आहे.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू सामान्यतः 3 ते 5 टक्के असतो. पाणी मिळताच तो बुळबुळीत होतो आणि बराच वेळ पाणी ओढत राहतो. गव्हासारखे चिवट ग्लूटेन मात्र ओट्सच्या पिठात तयार होत नाही. पीठ कालवताना सैल वाटते, वीस मिनिटांत घट्ट होते, आणि एवढे होऊनही उलटताना तुटते, याचे मूळ या दोन गुणांत आहे. तांदळाचे पीठ कड कुरकुरीत ठेवते व चिकटपणा कमी करते. तांदळाचे प्रमाण ओट्सच्या निम्म्याहून खाली नेले की आतला भाग गिच्च राहतो.

प्रमाण : 10 ते 11 घावनांसाठी साल व बिया काढलेला भोपळा 250 ग्रॅम (उकडून निथळल्यावर सुमारे 200 ग्रॅम गर), चपटे ओट्स 100 ग्रॅम, तांदळाचे बारीक पीठ 50 ग्रॅम, गूळ 60 ते 75 ग्रॅम, नारळाचे दाट दूध 100 मिली, पाणी 50 ते 80 मिली, खवलेला ओला नारळ दोन मोठे चमचे, मीठ पाव चहाचा चमचा, वेलची किंवा जायफळ आणि तव्यासाठी तूप. पाण्याचा आकडा ढोबळ समजावा. घारगे करताना गरात मावेल तेवढे पीठ घालतात आणि वरून पाणी घेतच नाहीत, म्हणून तेथे भोपळा किती पाणथळ आहे हे आपोआप सांभाळले जाते. येथे पीठ मोजून घेतलेले असते, त्यामुळे ताळमेळ पाण्यानेच जुळवावा लागतो आणि तोही शेवटी.

कृती : भोपळ्याच्या तीन-चार सेंटिमीटरच्या फोडी मोदकपात्रात 12 ते 15 मिनिटे वाफवतात. कुकर वापरल्यास फोडींच्या भांड्यात पाणी घालू नये. फोडी चाळणीत दहा मिनिटे निथळून गरम असतानाच कुस्करतात. चमच्यातून गर गोळ्याने पडला तर ठीक. ओघळला तर कढईत मंद आचेवर तो कडा सोडेपर्यंत आटवावा. कच्चा कीस थेट पिठात घालण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे, पण गूळ-मीठ लागताच किसाला पाणी सुटते आणि जाड घावनात तो अर्धकच्चा राहतो. पातळ धिरड्याला ती चालते, येथे उकडलेला गर अधिक भरवशाचा.

गूळ चिरून पाण्यात कोमट करून विरघळवतात व गाळून घेतात, कारण गुळात बारीक कचरा हमखास असतो. गूळ कोरडाच गरात मिसळला तर तो नंतर विरघळून पीठ पातळ करतो, आणि तोवर पाणी घालून झालेले असते. ओट्स मंद आचेवर चार-पाच मिनिटे खमंग वास येईपर्यंत कोरडे भाजून, पूर्ण गार करून मिक्सरमध्ये बारीक करावेत. गरम दळले तर भांड्यात वाफ धरते आणि पिठाचे गोळे होतात. पावसाळ्यात उघडे पाकीट सर्दावलेले असते, तेव्हा दोन-तीन मिनिटे जास्त भाजावे लागते.

गर, गुळाचे पाणी व नारळाचे दूध एकजीव करून गार झाल्यावर त्यात दोन्ही पिठे, खोबरे, मीठ आणि वेलची घालतात. मिश्रण गरम असताना ओट्सचे पीठ पडले तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पुढे फुटत नाहीत. पीठ 15 ते 20 मिनिटे झाकून ठेवावे, मग चमचा-चमचा पाणी घालत इडलीच्या पिठाइतके सैल करावे. त्याआधी पाणी घालणे म्हणजे अंदाजपंचे. नारळाचे दूध असल्याने पीठ बाहेर तास-दीड तासापेक्षा जास्त ठेवू नये. वैशाखात तेवढ्यातही त्याला आंबूस वास येऊ लागतो.

तवा बिडाचा असेल तर तो मध्यम आचेवर चांगला तापवून मग आच मंद करतात. पाण्याचा थेंब चुरचुरत विरला तर ताप बरोबर आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा जास्त तापलेला आहे आणि गूळ जळणार. तूप लावायला नारळाच्या शेंडीचा बोळा किंवा केळीच्या पानाचा देठ घेतात. आंबोळीला वापरतात तो अर्धा कांदा गोड घावनाला वास देतो. एक पळी पीठ मधोमध ओतून पळीच्या बुडाने 11-12 सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड इतपतच पसरावे. झाकण ठेवून अडीच-तीन मिनिटे होऊ द्यावे. वरची ओली चकाकी गेली आणि कड तव्यापासून सुटली की कालथा बुडाखाली पूर्ण सरकवून उलटावे. दुसरी बाजू झाकण न ठेवता दीड मिनिटात होते. झाकणाच्या आतले पाणी पुसल्याशिवाय ते पुढच्या घावनावर ठेवू नये, नाहीतर वर ओले डाग पडतात.

बिघाड : घावन उलटताना तुटते ते बहुतेक वेळा घाईमुळे. पुरेसे भाजूनही तुटत असेल तर गर पाणथळ राहिलेला असतो आणि त्यावर चमचाभर तांदळाचे पीठ हा उपाय आहे. ओट्सचे पीठ वाढवून हा दोष जात नाही, उलट घावन गिच्च होते. बाहेरून काळपट आणि आतून ओले राहिले तर आच जास्त किंवा गूळ जास्त; 75 ग्रॅमच्या वर गूळ गेला की बिडाच्या तव्यावरही ते चिकटू लागते. हलकेपणासाठी खाण्याचा सोडा घालायचा तर एक मोठा चमचा दह्याबरोबर पाव चहाचा चमचा, तोही तव्यावर घालण्याच्या अगदी आधी. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंग लवकर गडद होतो. रंगासाठी हळद घातली असेल तर सोड्याने ती तांबूस पडते. चांगल्या भोपळ्याला हळदीची गरज नसते.

अंडे चालणाऱ्या घरी एक अंडे घालून पाणी 40 मिलीने कमी करतात. अंड्याने घावन धरून राहते व उलटायला सोपे जाते. तिखट प्रकारात गूळ वगळून आले, हिरवी मिरची, जिरे आणि कोथिंबीर घालतात. गूळ नसल्याने तवा थोडा अधिक तापलेला चालतो.

आहारदृष्ट्या भोपळ्यातील कॅरोटिनॉइडे (नारिंगी रंगद्रव्ये) स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक शोषली जातात, तेव्हा तव्यावरचे तूप व्यर्थ नाही. बीटा-ग्लुकन रक्तातील कोलेस्टेरॉल कमी ठेवण्यास मदत करते. मधुमेही व्यक्तींसाठी हा पदार्थ सर्रास सुचवला जातो, परंतु ओट्स घातल्याने गुळाचे गणित बदलत नाही. ग्लूटेन वर्ज्य असलेल्यांनी पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्यावेत, कारण ओट्स अनेकदा गव्हाबरोबरच हाताळले जातात.

गोड घावन तुपाबरोबर किंवा गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर वाढतात. गार झाले की ते घट्ट होते. तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवल्यास मिनिटभरात पुन्हा मऊ पडते. उरलेले पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यापेक्षा सगळी घावने भाजून ठेवणे बरे, कारण रात्रभरात ओट्स इतके पाणी पितात की सकाळी पीठ सैल केले तरी घावन नीट होत नाही.