हप्ते आधी संपतील की बॅटरी?

मे महिना लागला की तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिकच्या दुकानांवर फलक लागतात : ‘इन्व्हर्टर-बॅटरी, शून्य डाउन पेमेंट, 36 सोपे हप्ते’. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात कुठेतरी तार तुटते, लाइट जाते आणि गिऱ्हाईक दुकानात येतं. विचारतं दोनच गोष्टी. किती एएचची बॅटरी आणि महिन्याला किती पडतील? मला तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. 36 महिन्यांनी ही बॅटरी चालू असेल का? याचं उत्तर ठरतं ते बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांवर आणि तुमच्या गावात वीज किती तास असते त्यावर.

आधी बॅटरीवरचा आकडा बघू. 150 एएच म्हणजे 150 अँपिअर-तास. त्याला 12 व्होल्टने गुणलं की 1,800 वॅट-तास, म्हणजे 1.8 युनिट. तीन पंखे, चार-पाच दिवे, टीव्ही, वायफाय मिळून 400 वॅटचा लोड धरला तर साडेचार तास मिळायला हवेत. मिळतात जेमतेम अडीच. मग दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचा तो आकडा साधारणपणे 20 तासांत, म्हणजे 7.5 अँपिअरने सावकाश रिकामी करण्याचा असतो. 400 वॅटसाठी, इन्व्हर्टरमधली घट धरून, 40 अँपिअरहून जास्त प्रवाह ओढला जातो. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन संशोधकाने 1897 मध्येच दाखवून दिलं होतं की प्रवाह जितका मोठा ओढाल तितका हाती येणारा साठा कमी होतो.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये केलेल्या या बॅटरीचं रसायन आजही तेच आहे. ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसं, धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड आणि मधे पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी वापरात असताना दोन्ही पट्ट्यांवर एकच पदार्थ तयार होतो, लेड सल्फेट. त्यात आम्ल खर्च होतं आणि पाणी तयार होतं. म्हणून तर मेकॅनिक आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घेऊन येतो. भरलेल्या बॅटरीत त्यातला तरंगता काटा 1.250 च्या आसपास उभा राहतो, उतरलेल्या बॅटरीत 1.150 च्याही खाली बुडतो. मोठा प्रवाह ओढला की पट्टीच्या बारीक छिद्रांमधलं आम्ल संपून जातं आणि बाहेरचं ताजं आम्ल तितक्या वेगाने आत शिरू शकत नाही. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास घसरतं आणि इन्व्हर्टर बंद पडतो. अर्ध्या तासाने तोच इन्व्हर्टर पुन्हा थोडा वेळ चालतो, कारण तेवढ्यात आम्ल आत झिरपलेलं असतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते या लेड सल्फेटचं पुढचं वागणं. ताजं तयार झालेलं सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं. लगेच चार्जिंग मिळालं तर ते कण विरघळून पुन्हा शिसं, डायऑक्साइड आणि आम्ल बनतात. पण बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच राहिली तर कणांची आपापसात देवघेव सुरू होते. लहान कणांचं पृष्ठफळ त्यांच्या आकारमानाच्या मानाने मोठं, म्हणून ते जास्त विरघळतात. विरघळलेला माल जाऊन मोठ्या कणांवर बसतो. पाकात दोरा सोडून ठेवला की खडीसाखरेचे खडे वाढत जातात, तसे हे स्फटिक वाढतात. रसायनशास्त्रात याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. 1909 चं नोबेल मिळालेले विल्हेल्म ऑस्टवाल्ड ते हेच. मोठ्या स्फटिकाचं पृष्ठफळ थोडं, त्यात लेड सल्फेट मुळात फारच कमी विरघळणारं, शिवाय विजेचं वाईट वाहक. साध्या चार्जरने असे स्फटिक मोडत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो आणि तेवढं आम्लही त्यात अडकून बसतं. चार्जर रात्रभर चालू असतो, काटा मात्र 1.200 च्या वर जात नाही. बॅटरी ‘बसली’ म्हणतात ती बऱ्याचदा अशी.

आता हे गावाला लावून बघा. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा वीसेक टक्के भाग भरायला कित्येक तास लागतात. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते आणि येते तेव्हा व्होल्टेज कमी असतं, तिथे बॅटरी महिनोन् महिने पूर्ण भरतच नाही. सल्फेटचे स्फटिक निवांत वाढत राहतात. ज्या घराला बॅकअपची गरज सगळ्यात जास्त, तिथेच शिशाची बॅटरी सगळ्यात आधी मरते. त्यात चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा आणि पत्र्याखालची खोली असेल तर विचारूच नका. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य अंदाजे निम्म्यावर येतं.

मधेच एक सांगतो. बॅटरी जमिनीवर ठेवली की फरशी करंट खेचून घेते, हा समज आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला लागू पडत नाही. फळी हवी तर ठेवा, त्याने आयुष्य वाढणार नाही. खरा धोका वेगळाच आहे. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना बॅटरीला हळदकुंकू खुशाल वाहा, पण निरांजन आणि उदबत्ती तिथे नको. पाणीही डिस्टिल्डच घाला. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत हा स्फटिकांचा खेळ नाही. 1997 मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी हा पदार्थ पुढे आणला. त्यात लिथियमचे आयन लोह-फॉस्फेटच्या सांगाड्यात शिरतात आणि बाहेर पडतात, सांगाडा तसाच राहतो. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही आणि मोठा प्रवाह ओढला तरी साठा फारसा घटत नाही. मात्र जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नका. पाणी घालायच्या शिशाच्या बॅटरीसाठी केलेला चार्जर अधूनमधून व्होल्टेज बरंच वर नेतो, ते हिला चालत नाही. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सोय आहे का ते आधी बघा.

आता पैशाचं. समजा शिशाची बॅटरी 15,000 ची आहे, रोज अर्धी रिकामी होते म्हणजे 0.9 युनिट देते, आणि वर्षाला 300 वेळा वापरून दोन वर्षांत बसते. 540 युनिट झाले, म्हणजे युनिटला सुमारे 28 रुपये. लिथियमची समजा 35,000 ची, रोज एक युनिट देते आणि आठ वर्षं टिकते. 2,400 युनिट, म्हणजे युनिटला 15 रुपयांच्या आत. छोट्या डिझेल जनरेटरला युनिटमागे तिसरा हिस्सा लिटर तरी लागतं, म्हणजे नुसत्या इंधनाचेच तीसेक रुपये. पण पुण्या-ठाण्यात जिथे महिन्यातून एकदा लाइट जाते, तिथे हा सगळा हिशोब उलटतो. तिथे बॅटरी बहुतेक वेळ भरलेलीच असते, स्फटिक वाढत नाहीत. तिथे शिशाचीच घ्या.

कर्जाची मुदत यावरूनच ठरवा. रोज लाइट जाणाऱ्या गावात शिशाच्या बॅटरीला 36 हप्ते म्हणजे शेवटचे वर्षभर मेलेल्या बॅटरीचे पैसे भरायची पाळी येऊ शकते. ‘36+24’ वॉरंटीतले पुढचे 24 महिने प्रो-राटा असतात, म्हणजे नव्या बॅटरीवर फक्त सूट. व्याजही नीट बघा. समजा 60,000 चं कर्ज घेतलं, तर 12 टक्के ‘फ्लॅट’ दराने तीन वर्षांचं व्याज 21,600 होतं आणि हप्ता 2,267. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण 60,000 वर लागत राहतं, म्हणून खरा दर 21 टक्क्यांवर जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना स्पष्ट सांगितलं आहे. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळं शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा.

छतावर सोलर आहे म्हणून बॅकअप आहे, असं धरून चालू नका. पीएम सूर्यघर योजनेचं 3 किलोवॅटसाठीचं 78,000 रुपयांचं अनुदान घेऊन बसवलेली साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाइनला जोडलेली यंत्रणा लाइट गेली की भर दुपारीही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते.

आपल्या दुकानासाठी इन्व्हर्टर घेणाऱ्यांनी लोड मोजताना सुरुवातीचा झटका धरावा. मेडिकलच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट घेतो, झेरॉक्सचं मशीन तापताना हजार वॅटच्या घरात जातं. पिठाच्या गिरणीसाठी घरगुती इन्व्हर्टरचा विचारही करू नका.

आणि घरासाठी मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. साधा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. सुरुवातीच्या उदाहरणातल्या घरातले तीन पंखे बदलले की 400 चा लोड 265 वर येतो. लोड कमी झाला एक तृतीयांश, पण पॉयकर्टच्या नियमाने तीच 150 एएचची बॅटरी अडीच तासांऐवजी चार तास चालते. कर्ज काढायचंच असेल तर आधी या पंख्यांसाठी काढा.