क्रेट उघडण्याचा मुहूर्त

हातात स्मार्टफोन आला की अंधश्रद्धा आपोआप गळून पडते, असं मानणारे बरेच जण भेटतात. त्यांनी एखाद्या संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळत बसलेल्या पोरांकडे नीट बघावं. या गेममध्ये खरे पैसे मोजून यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घेता येतं आणि ते खर्चून क्रेट, म्हणजे बंद बक्षीसपेट्या, उघडता येतात. आत साधा शर्ट निघेल की दुर्मीळ मिथिक पोशाख, हे आधी कळत नाही. म्हणून एक जण क्रेट उघडण्याआधी लॉबीत, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, आपल्या पात्राला नाचवतो. दुसरा आधी स्वस्तातली क्रेट उघडून ‘खराब लक’ संपवून घेतो. हेडफोनमधून खानापूरचा गडी सांगतो, “थांब, बारा वाजू देत.” गोकाकचा कन्नडमध्ये तेच म्हणतो, “तडी, तडी!” 1956 पासून भाषेवरून धुमसणाऱ्या या भागात मुहूर्ताबाबत मात्र दोघांचं एकमत आहे.

पोरांना हसण्याआधी मालिनोव्स्की आठवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांमध्ये राहिला. तिथले कोळी प्रवाळांनी अडवलेल्या शांत पाण्यात मासे धरत, तेव्हा मंत्रतंत्र करत नसत; तिथं मासळी हमखास मिळे. खुल्या समुद्रात जिवाला धोका आणि मासळीचा भरवसा नाही, तिथं मात्र साग्रसंगीत विधी होत. कोळी तेच, अक्कलही तीच. जिथं कसब संपून अनिश्चितता सुरू होते, तिथं विधी येतो. गेममध्येही नेम धरताना कुणी पात्र नाचवत बसत नाही. नाच क्रेटपाशीच होतो.

पण विधी तयार कसा होतो? मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग हाच. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने भुकेल्या कबुतरांना पेटीत ठेवून ठरावीक वेळाने दाणे दिले. कबूतर काय करतंय याचा दाण्यांशी काहीही संबंध नव्हता. तरी एक कबूतर गोल फिरू लागलं, दुसरं पेटीच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. स्किनरचं स्पष्टीकरण असं: दाणे आले तेव्हा कबूतर योगायोगाने जे करत होतं, ते त्याच्याकडून जास्त वेळा होऊ लागलं. जास्त वेळा होतंय म्हटल्यावर पुढचे दाणे येतानाही नेमकं तेच चालू असण्याची शक्यता वाढली. चक्र स्वतःलाच बळ देत गेलं. (या हालचाली खाण्याच्या अपेक्षेने पक्षी मुळातच करतात, असा आक्षेप 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी घेतला. तो वाद महत्त्वाचा आहे.)

कबूतर पेटीत एकटं होतं. पोरांना मात्र मित्र आहेत, ग्रुप आहेत, व्हिडिओ आहेत, आणि गणित इथंच बदलतं. समजा, मिथिक निघण्याची शक्यता 1 टक्का आहे आणि 200 जणांनी नाचून एकेक क्रेट उघडली. सरासरी दोघांना मिथिक मिळेल. ते दोघे व्हिडिओ टाकतील. उरलेले 198 कशाला टाकतील? बघणाऱ्यासमोर पुरावा एकाच बाजूचा येतो. समूह हा असा चाळणीचं काम करतो. गावातल्या नवसाची कीर्तीही अशीच पसरते: फेडायला येणारे दिसतात, न पावलेले घरी बसतात.

‘शंभर क्रेट उघडल्या की एक नक्की’ हाही भ्रमच. प्रत्येक क्रेट स्वतंत्र असेल तर 0.99 ला स्वतःशी शंभर वेळा गुणल्यावर 0.366 उरतात. म्हणजे शंभर क्रेट उघडूनही 100 पैकी सुमारे 37 जण कोरडेच राहणार. काही गेममध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर बक्षिसाची हमी असते. तिथं हा हिशेब लागू नाही.

1980 च्या दशकातल्या सायबरपंक कथांमध्ये, म्हणजे बलाढ्य कंपन्यांच्या ताब्यातल्या भविष्याच्या विज्ञानकथांमध्ये, कंपन्या माणसाच्या मेंदूत तारा घालत. इथं ताराही लागत नाहीत, अनिश्चित बक्षीस पुरतं. 2018 मध्ये बेल्जियमने पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. त्याआधी 2017 पासून चीनमध्ये शक्यतेचे आकडे जाहीर करणं सक्तीचं झालं, आणि त्याच वर्षी ॲपलनेही ॲप बनवणाऱ्यांना तसा नियम लावला. पोराच्या हातून फोन हिसकावण्याआधी आईवडिलांनी त्याला तो आकडा शोधून दाखवायला सांगावं आणि शंभर क्रेटचा गुणाकार त्याच फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्याच्याकडूनच करून घ्यावा.