बोटाला चिमटा लावून गेम? निन्टेन्डोच्या त्या सेन्सरवर सगळे हसले, पण हसता हसता एक प्रश्न बरोबर विचारला

२००९ चा जून महिना, लॉस एंजेलिसमधलं ई-थ्री, म्हणजे तेव्हाची गेमिंगवाल्यांची सगळ्यात मोठी जत्रा. त्याच आठवड्यात मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट नेटाल दाखवलेलं, ज्याचं पुढे किनेक्ट झालं, हातात काहीही न धरता नुसतं अंग हलवून खेळायचं. सोनीनेही हालचाल ओळखणारा आपला कंट्रोलर काढून दाखवला. आणि जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता स्टेजवर आले ते काय घेऊन, तर बोटाला लावायचा पांढरा चिमटा! हॉस्पिटलात पेशंटच्या बोटाला लावतात ना, सेम तसला, फक्त याची वायर मॉनिटरला जायच्या ऐवजी वी, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, रिमोटला जायची. नाव काय, तर वी व्हायटॅलिटी सेन्सर. सोबत गेम एकही नाही. इवातांचं म्हणणं एवढंच की आजवर गेम लोकांना उत्तेजित करायला वापरले, आता मन शांत करायलाही वापरता येतील, कदाचित झोप यायलासुद्धा.

आता तुम्ही गेमर आहात, रात्र जागून मारिओ गॅलेक्सी २ आणि नवीन मेट्रॉइड या गेम्सच्या घोषणेने खूश झालायत, आणि त्याच कार्यक्रमात कोणीतरी तुम्हाला म्हणतंय की ये, बोट दे, तुला झोपवतो. काय होणार?

जे व्हायचं तेच झालं. आधी सगळे गोंधळले आणि मग जोकचा पाऊस. आता रक्तदाबाचा पट्टा पण येणार का, थर्मामीटर कुठे लावायचा, हार्ट अटॅक आला तर गेम आपोआप सेव्ह होईल का वगैरे वगैरे. हार्डकोर मंडळी तर आधीच चिडलेली, वजनकाट्यासारख्या बॅलन्स बोर्डावर उभं राहून व्यायाम करायला लावणारा वी फिट प्रचंड खपला होता आणि त्यांना वाटत होतं की ही कंपनी आपल्याला विसरून आई-आजीच्या मागे लागलीये. त्यात हा चिमटा म्हणजे जखमेवर मीठच. पण सगळेच हसत होते असंही नाही, काही जण लगेच स्वप्नं बघायला लागले की हॉरर गेममध्ये हे लावलं तर? माझी छाती धडधडली की भूत जवळ येईल? आणि काही शांत डोक्याच्या लोकांनी अगदी साधा प्रश्न विचारला, अहो पण बोट चिमट्यात असेल तर कंट्रोलर धरू कसा?

हा शेवटचा प्रश्न जोकच्या गर्दीत वाहून गेला, पण माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात खरी मेख त्यालाच सापडली होती. कशी, ते कळायला चिमटा आत काय करतो ते बघावं लागेल.

अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवा, बोट लालभडक दिसतं. म्हणजे प्रकाश बोटातून आरपार येतो, निदान लाल तरी. आता हृदय दर ठोक्याला रक्ताची एक लाट पाठवतं, ती बोटातल्या बारीक धमन्यांत पोचली की तिथलं रक्त किंचित वाढतं, ते जरा जास्त प्रकाश गिळतं, आणि पलीकडे येणारा उजेड जरासा मंद होतो. लाट ओसरली की परत उजळतो. चिमट्याच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डोळा, बस्स, हा मंद-उजेड-मंद-उजेड मोजला की नाडी मिळाली. कोरोनात ज्याने त्याने घेऊन ठेवलेला ऑक्सिमीटर यात अजून एक युक्ती करतो, साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतो, कारण ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरची, १९७० च्या दशकातली. म्हणजे निन्टेन्डोने काही जादू आणली नव्हती, स्वतःच्याच जपानमधलं जुनं तंत्र उचलून टीव्हीसमोर आणलं होतं.

अडचण अशी की ठोक्यामुळे होणारा हा फरक एवढुसा असतो, मिळणाऱ्या एकूण प्रकाशाच्या साधारण एक-दोन टक्के. बाकीचा सगळा प्रकाश कातडी, हाड, मांस आणि न हलणारं रक्त यातून येतो. आणि बोट जरा हललं, चिमटा किंचित सरकला, की त्याने होणारा फरक या एक-दोन टक्क्यांना सहज गाडून टाकतो. मी हे मध्यंतरी करून पाहिलं, घरातला ऑक्सिमीटर डाव्या हाताच्या बोटाला लावला आणि स्वस्थ बसलो, आकडा ७६. मग हळूहळू श्वास, आत चार-पाच सेकंद, बाहेर चार-पाच सेकंद, मिनिटात सहा वगैरे, तर ७६ चे ७२, मग ६९, परत ७३ असा आकडा झोके घ्यायला लागला. भारी वाटलं. मग त्याच हाताने मोबाईल धरून अंगठ्याने भराभर टाइप केलं, तर आकडा आधी ११२, मग ५८, मग नुसत्या दोन रेघा. हृदय जागेवरच होतं हो माझं! हललं होतं ते बोट. आता विचार करा, बॉस फाइट चालूये, दोन्ही हातांनी बटणं बडवताय, आणि त्यातून तो चिमटा तुमची नाडी शोधतोय. म्हणून म्हटलं, कंट्रोलर धरू कसा हा प्रश्न सोयीपुरता नव्हताच, सिग्नल मिळणार की नाही हेच त्यावर ठरत होतं. चिमट्याला निवांत, न हलणारा माणूसच लागतो, आणि मग इवाता शांत व्हायच्या गप्पा का मारत होते तेही जरा कळतं.

तो झोके घेणारा आकडा मात्र भन्नाट प्रकार आहे, त्यावर थोडं थांबू. आपल्याला वाटतं नाडी ६० म्हणजे दर सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. तसं नसतं. एक अंतर ०.९५ सेकंद, पुढचं १.०५, पुढचं अजून काहीतरी. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात, कारण हृदयाला ब्रेक लावणारी जी व्हेगस नावाची नस आहे तिचा पाय श्वासाबरोबर ब्रेकवर कमी-जास्त पडतो. तुम्ही निवांत असाल तर हा चढउतार सहसा मोठा, ताणात असाल तर लहान. म्हणजे गंमत बघा, अगदी घड्याळासारखं टिकटिक करणारं हृदय हे निवांतपणाचं लक्षण नाहीच. आणि हे स्क्रीनवर दिसलं की माणूस श्वासाने ते बदलायला शिकतो, यालाच बायोफीडबॅक म्हणतात. बोटाला सेन्सर लावून श्वासावर खेळायचे कॉम्प्युटर गेम त्याआधीच आले होते, त्यामुळे इवातांची कल्पना हवेतली मुळीच नव्हती. फक्त साध्या ऑक्सिमीटरवरचा आकडा काही सेकंदांची सरासरी असतो, हा ठोक्याठोक्यातला फरक त्यात बराचसा पुसला जातो. तो नीट पकडायचा तर प्रत्येक ठोक्याची वेळ अचूक हवी, आणि एक ठोका जरी चुकला तरी हिशोब बोंबलतो.

बरं, हॉररवाल्यांच्या स्वप्नाचं काय? ते स्वप्न मलाही आवडतं, पण त्यात दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे नाडी वाढली एवढंच कळतं, का वाढली ते कळत नाही. भीती, आनंद, राग, आत्ताच प्यायलेली कॉफी, जिना चढून येऊन सोफ्यावर टाकलेलं अंग, चिमट्याला सगळं सारखंच. दुसरं म्हणजे घाबरलास म्हणून अजून घाबरवतो असा गेम केला तर ते चक्र वाढतच जाणार, माइक स्पीकरसमोर धरल्यावर कशी शिट्टी वाजते तसं. २०१५ च्या नेव्हरमाइंड या हॉरर गेमने यातून चांगली वाट काढली, तुम्ही ताणात आलात की गेम अवघड होतो, म्हणजे पुढे जायचं तर स्वतःला शांत करणं भाग. व्हॉल्व्ह या गेम कंपनीचे माइक अँबिंडर यांनीही २०११ मध्ये अशा प्रयोगांची माहिती दिली होती, त्यांनी तळहाताचा घाम मोजला, म्हणजे त्वचेतून वीज किती सहज जाते ते, आणि एका प्रयोगात तुम्ही जितके टेन्शनमध्ये तितकं गेममधलं घड्याळ जोरात पळायचं. दुष्टपणा आहे, पण मला खेळायला आवडेल.

पण त्याच व्हॉल्व्हच्या २००८ च्या लेफ्ट फोर डेडमध्ये सेन्सरबिन्सर काही नव्हतं आणि तरी तो गेम खेळाडूवर किती ताण आलाय याचा अंदाज बांधायचा, किती मार बसला, झॉम्बी किती जवळ मारले, यावरून, आणि ताण शिगेला पोचला की थोडा वेळ गर्दी पाठवायचा थांबायचा. कंट्रोलरवरून एवढं कळत असेल तर चिमट्याने जास्तीचं काय मिळणार, याचं उत्तर २००९ मध्ये कोणी दिलं नाही, आणि एकही गेम न दाखवता नुसता चिमटा दाखवला की लोक हसणारच, त्यात त्यांची काय चूक.

तसं हे पहिल्यांदा घडत नव्हतं. अटारी या गेम कंपनीने १९८४ मध्ये माइंडलिंक नावाचा डोक्याचा पट्टा दाखवला, नाव मनाचं पण मोजायचा कपाळाचे स्नायू, भुवया वरखाली करून खेळा, आणि करून बघणाऱ्यांची डोकी दुखायला लागली. तो बाजारात आलाच नाही. १९९८ मध्ये जपानात निन्टेन्डो ६४ या तेव्हाच्या गेमयंत्रासाठी कानाच्या पाळीला लावायचा बायो सेन्सर आला, टेट्रिस ६४ सोबत, ठोक्यांप्रमाणे ठोकळ्यांचा वेग बदलायचा. कानाची पाळी ही बोटापेक्षा शहाणी निवड, कारण ती बटणं दाबत नाही!

व्हायटॅलिटी सेन्सर मात्र पुढच्या ई-थ्रीत गायब, त्याच्या पुढच्यातही गायब. हसण्यामुळे मेला असंच बहुतेकांना वाटलं. २०१३ मध्ये इवातांनी कारण सांगितलं ते वेगळंच होतं. कंपनीत मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली, तर काही लोकांवर तो अपेक्षेप्रमाणे चालेना. शंभरातल्या नव्वदांवर चालतो आणि दहांवर नाही, अशी वस्तू विकायची का हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि हजारात ९९९ लोकांवर चालला तरच आणू असं त्यांनी सांगून टाकलं. शिवाय आधी वाटलं होतं तेवढा त्याचा उपयोगही व्यापक नाही, हेही कबूल केलं.

ते दहा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, पण अशा चिमट्याला कोणाकोणाचा त्रास होतो ते माहीत आहे. काहींची बोटं कायम थंड, थंडीत धमन्या आकसतात, मग लाट येतेच कुठे बोटापर्यंत. कोणाची बोटं फार बारीक, चिमटा नीट बसत नाही. गडद नेलपॉलिश आडवं येतं. गडद कातडी प्रकाश जास्त गिळते, आणि ही गोष्ट नुसती गेमपुरती नाही, अमेरिकेत २०२० मध्ये दिसून आलं की हॉस्पिटलातले ऑक्सिमीटरही कृष्णवर्णीय पेशंटचा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांपेक्षा बरीच जास्त वेळा करत होते. हॉस्पिटलात निदान नर्स असते, बोट बदलून बघते, हात चोळून गरम करते. घरी गेम घेऊन बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला एवढंच कळणार की माझ्यावर हा चालत नाही, भावावर चालतो.

मग २०१९ मध्ये त्याच निन्टेन्डोने स्विच या आपल्या नव्या गेमयंत्रावर रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर हा व्यायामाचा गेम आणला आणि त्यात नाडी गुपचूप परत आली. चिमटा नाही, वायर नाही, जास्तीची खरेदी नाही. उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरच्या, खालच्या बाजूला इन्फ्रारेड कॅमेरा आधीपासून होताच, व्यायाम झाल्यावर त्यावर अंगठा टेकवायचा आणि काही सेकंद हलवायचा नाही, की आकडा आला. यावर फारसं कोणी हसलं नाही. कंट्रोलर धरू कसा हा प्रश्नच येत नाही, कारण नाडी मोजेपर्यंत तुम्ही खेळत नसता, घामाघूम होऊन अंगठा दाबून उभे असता.