सोय द्यायची की अभ्यासच बदलायचा?

शिकताना अडचण येणाऱ्या मुलांसाठी शाळेच्या कार्यालयात ‘सवलत’ हा एकच शब्द चालतो. जादा वेळ सवलत, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) सवलत, तिसरी भाषा सोडली तीही सवलत, आणि बाईंनी चाचणीत दोन सोपी गणितं काढून दिली तीही सवलतच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्येसुद्धा जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही तिन्ही एका दमात येतात. कायद्यापुरतं ते ठीक आहे. वर्गात मात्र या एका शब्दाखाली दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी येतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की मुलाची वर्षं जातात.

पहिली गोष्ट सोय. मूल वर्गाचाच पाठ शिकतं, शिकण्याची किंवा उत्तर देण्याची रीत तेवढी वेगळी. दुसरी गोष्ट बदल, म्हणजे काय शिकायचं तेच वेगळं ठरवलेलं. ओळखायला एक प्रश्न पुरतो: या उत्तराला शेजारच्या बाकावरच्या मुलाच्याच निकषावर गुण देता येतील का? येत असतील तर सोय. निकष बदलावा लागत असेल तर बदल.

पाचवीच्या गणितात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज येते. फळ्यावर १/२ + १/३ पासून बारा गणितं लिहिली आहेत. एका मुलाला रीत कळली आहे, पण फळ्यावरून उतरवतानाच अर्धी तासिका जाते, आणि ३ खालचा ६ शेजारच्या ओळीत सरकतो. त्याला छापील कागद द्या, पानावर तीनच गणितं, मोठ्या चौकटींची वही, एका चौकटीत एक अंक. बाराऐवजी सहा गणितं दिली तरी चालतात, पण इथे हमखास एक चूक होते. पहिली सहा ठेवून उरलेली खोडली जातात. पुस्तकातली गणितं सोप्याकडून अवघडाकडे जातात, त्यामुळे पहिली सहा ठेवली की सोयीच्या नावाखाली नकळत बदल झाला. सोपी दोन, मधली दोन, शेवटची दोन अशी निवडा. ३/६ + २/६ = ५/६ इथवर मूल स्वतः पोचलं, तर त्याला पूर्ण गुण.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला अजून अर्धा आणि पाव यांतला फरक पक्का नाही. त्याला चौकटीची वही आणि जादा वीस मिनिटं देऊन काय होणार? तो वीस मिनिटं जास्त कोऱ्या कागदाकडे बघेल, एवढंच. त्याच्यासाठी उद्दिष्टच बदलायला हवं: कागदाच्या पट्टीची घडी घालून अर्धा, पाव ओळखणं, मग १/४ + २/४ अशी समच्छेद बेरीज. पट्ट्या मात्र सगळ्या वर्गाला द्या. बाकीची मुलं घड्या घालून सहा सारखे भाग करून १/२ आणि १/३ यांचा समान छेद शोधतील, हा तशाच पट्टीवर पाव रंगवेल. साहित्य आणि तासिका एकच, अपेक्षा वेगळी. ‘तुझं वेगळं’ म्हणून कोपऱ्यात चित्र रंगवायला बसवणं हा बदलही नव्हे. त्याला नुसतं बसवून ठेवणं म्हणतात.

एकच साधन एका तासाला सोय असतं आणि दुसऱ्या तासाला बदल. पाढ्यांचा तक्ता अपूर्णांकांच्या धड्यात सोय आहे, कारण तिथे पाढे तपासायचे नाहीत. पाढ्यांच्या चाचणीत तोच तक्ता दिला तर चाचणीच उरत नाही. उतारा मोठ्याने वाचून दाखवणं परिसर अभ्यासात सोय, पण वाचन तपासताना बदल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना इतिहासात गुण कापू नका, ती सोय झाली. शुद्धलेखनाच्या प्रश्नात तेच केलं तर मोजायचंच सोडून दिलं. म्हणून आधी पाठाचं उद्दिष्ट एका वाक्यात लिहा आणि मग साधन ठरवा. उलट क्रमाने गेलं की गोंधळ होतो.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो ज्यांना केवळ सोय पुरली असती अशा मुलांवर. श्रवणयंत्र लावणारी मुलगी ‘लक्ष देत नाही’ म्हणून तिला सोपे प्रश्न मिळत राहतात. अडचण बहुतेकदा बैठकीची असते. श्रवणयंत्राचा खरा उपयोग एक-दोन मीटरच्या अंतरात होतो. तिला दुसऱ्या रांगेत जरा कडेला बसवा, म्हणजे शिक्षक आणि उत्तर देणारी मुलं दोन्ही दिसतील. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर एकदा स्वतः म्हणून दाखवावं. एवढं न करता पेपर सोपा करणं म्हणजे चष्मा न देता अक्षरं कमी करण्यासारखं आहे.

लेखनिक ही सोय, पण ती बिघडवण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. परीक्षेच्या सकाळी मूल आणि लेखनिक पहिल्यांदा भेटतात. तोंडी मजकूर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करायचं, ‘नवा परिच्छेद’ म्हणायचं, आकृतीत नाव कुठे लिहायचं ते सांगायचं. चार-पाच पूर्ण पेपरांचा सराव लागतोच. वेगळी खोली द्या, नाहीतर मूल हळू आवाजात सांगतं आणि निम्मं राहून जातं. लेखनिकाने सांगितलं तेच लिहायचं. त्याने वाक्य ‘नीट’ केलं की उत्तर त्याचं झालं.

जादा वेळेचा हिशेब केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं असा आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. हळू लिहिणाऱ्याला ते वरदान आहे. ज्याचं लक्ष तासाभरात उडतं त्याला चौथा तास ही शिक्षाच. त्याच्या शाळेतल्या परीक्षेत पेपर दोन भागांत देऊन मध्ये दहा मिनिटांची सुट्टी दिली तर जास्त उपयोग होतो.

दहावीच्या मंडळाच्या परीक्षेजवळ येताना हा फरक महागात पडतो. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली कायमची अडचण) असलेल्या मुलांसाठी राज्य मंडळाच्या सवलतींत बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभव, असा पर्याय राहिला आहे. जादा वेळेच्या शेजारी, त्याच यादीत. पालक दोन्हींवर खूण करतात. पण जादा वेळ घेऊन मिळवलेली दहावी पुढची कोणतीच वाट अडवत नाही. सातवीचं गणित घेतलं की अकरावीला गणितासह शास्त्र शाखा किंवा पॉलिटेक्निक अवघड होऊन बसतं. ज्या मुलाला बीजगणित खरोखर झेपत नाही त्याच्यासाठी हा पर्याय रास्तच आहे. बीजगणितापायी सगळे विषय बुडवण्यापेक्षा बरा. मात्र आठवी-नववीत चौकटीची वही, सूत्रांचा तक्ता, जादा वेळ हे सगळं एक पूर्ण सत्र वापरून बघितल्याशिवाय त्या रकान्यात खूण करू नका. सूत्रांचा तक्ता मंडळाच्या परीक्षेत चालेलच असं नाही, म्हणून शेवटच्या काही चाचण्या त्याच्याविना घ्या.

मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, ज्याला सगळे आयईपी म्हणतात, सोयी आणि बदल दोन वेगळ्या पानांवर लिहा. सोयीपुढे विषय आणि तासिका. बदलापुढे तीन गोष्टी: कोणतं उद्दिष्ट बदललं, त्याजागी कोणतं आलं, आणि पुन्हा तपासणी कोणत्या महिन्यात. बदलाच्या पानावर पालकांची सही हवी. बहुतेक ठिकाणी हे पानच नसतं. दुसरीतल्या बाई मायेने सोपं देतात, तिसरीतल्या सरांना ते ठाऊक नसतं, प्रगतिपुस्तकावर ‘ब’ श्रेणी येत राहते, आणि आठवीत कळतं की मूल चार वर्षं तिसरीचंच गणित करत होतं.